आण्णांची पिकअप : प्यूजो उतरवून डीआय चढवताना

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी पाने, हातोड्या, मायक्रोमीटर, डायल गेज सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ पिकअपलाही घातली. मग आण्णांना विचारलं, "इंजिन उतरवू का?" गेली दोन वर्षं ते नाही म्हणत होते. आज म्हणाले, "उतरव. पर गाडी मोडायची न्हाई."

गाडी १९८६ची. लांब चासीची, जीपच्या तोंडाची महिंद्रा पिकअप. आमच्या गुऱ्हाळाचा गूळ हिच्यातूनच कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गेला, माझी बारावीची पुस्तकं हिच्यातून आली आणि आजीला दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. आतलं इंजिन मूळचंच, प्यूजो एक्सडीपी ४.९०. महिंद्रानं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेतला आणि पुढं हे इंजिन इथं बनवायला सुरुवात केली. नावातच हिशोब आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी). स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८३, म्हणजे २११२ सीसी. ताकद ६२ अश्वशक्ती. आपल्या काळात फार सज्जन इंजिन होतं, आवाज मऊ आणि चाल गुळगुळीत.

पण आता हेड (सिलिंडरांवरचं झाकण) दोनदा बदलून झालंय, तिसऱ्यांदा चीर गेलीय. ऑईलची काडी ओढली की नळीतून धूर येतो. सुटे भाग शोधायला मी सांगलीपासून बेळगावपर्यंत फिरलो. एक मिळतो तर दुसरा मिळत नाही. म्हणून महिंद्राचंच डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं, इंजिन बसवायचं ठरवलंय. ते बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातलं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच, २५२३ सीसी. त्याचे भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात.

२१ ऑक्टोबर २०२४

पाना हातात घेण्याआधी आरटीओ. बरेच जण हे काम शेवटाला ठेवतात आणि मग पासिंगला गाडी अडकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. मी आधीच लेखी अर्ज दिला : इंजिन त्याच कंपनीचं, इंधन तेच, डिझेल. खिडकीवरच्या बाईंनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. इंजिन ज्या गाडीतून निघालं त्या गाडीची कागदपत्रं आणि विक्रीचं बिल दोन्ही हवं, आणि ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा) नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नसावा. म्हणजे इंजिन निवडताना पहिली परीक्षा नंबराची, दुसरी कॉम्प्रेशनची (सिलिंडरात हवा किती दाबली जाते त्याची).

२७ ऑक्टोबर २०२४

तीन इंजिनं बघितली. पहिल्याचा नंबर वाचता येत नव्हता, तिथूनच माघारी फिरलो. दुसऱ्याच्या ब्लॉकला वेल्डिंग. तिसरं भंगारात निघालेल्या महिंद्राच्या कमांडर जीपचं होतं, कागद पूर्ण, नंबर स्वच्छ. विकणारा म्हणाला, "चालू इंजिन आहे, डोळे झाकून घ्या."

डोळे उघडे ठेवूनच घेतलं. इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) काढून एकेका सिलिंडरला गेज लावला. ३९०, ३८५, ३०५, ३९० पौंड. तिसरं सिलिंडर पडलेलं. मग ते सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असं ठेवून, इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. ऑईल टाकायच्या तोंडातून हवा आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, रेडिएटरच्या तोंडाला बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, सायलेन्सरच्या बाजूनं आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हवेच्या नळीतून आली तर इनलेट. इथं एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून स्पष्ट शिट्टी येत होती. म्हणजे खालचं काम बरं आहे, हेड उघडावं लागेल. त्याप्रमाणे भाव पाडून मागितला आणि मिळाला. बिलावर नंबर लिहून घेतला.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, गुऱ्हाळाची डागडुजी झाली. मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे, त्यामुळे या कामाला रविवारच.

आज जुनं इंजिन उतरवलं. पण त्याआधी चार तास नुसती मापं घेतली. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या मध्यापासून दोन्ही चासीपट्ट्यांपर्यंतचं अंतर, जमिनीपासूनची उंची, गिअरबॉक्सचा उतार, पंख्यापासून रेडिएटरपर्यंतची जागा. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोरी ताणली आणि चासीवर पंचनं खुणा मारल्या. इंजिन एकदा बाहेर आलं की ते कुठं होतं हे सांगणारं काही उरत नाही. गिअरबॉक्स जागेवर राहणार, तोच माझा खुंटा. नवं इंजिन त्याच्या रेषेत आणायचं.

तिकाटणं उभं केलं, चेन ब्लॉक अडकवला. पुतण्यानं साखळी ओढली, मी गिअरबॉक्सखाली जॅक लावून तोल धरला. इंजिन बाहेर आलं तेव्हा आण्णा खुर्चीवरून उठून जवळ आले. ब्लॉकवर हात ठेवला, धुळीखालच्या पंचच्या जुन्या खुणा चाचपल्या आणि परत जाऊन बसले. ते इंजिन मी भंगारात देणार नाही. तेल लावून पोत्यात गुंडाळून गुऱ्हाळाच्या माळ्याखाली ठेवलंय.

१७ नोव्हेंबर २०२४

डीआयचं हेड उघडलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला, चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला. बोअर मापले : वर, मध्ये, खाली, आडवे-उभे. सर्वात जास्त झीज ०.०५ मिलिमीटर. बोअरिंगची गरज नाही. रिंगा, बेअरिंग शेल आणि सगळी ऑईल सील नवी टाकतोय, व्हॉल्व्ह चार बदलतोय, सीट कापून घेतोय.

दोन्ही इंजिनांची हेडं शेजारी ठेवून पुतण्याला दाखवली. प्यूजोत डिझेल एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, पेट तिथं घेतो आणि मग जाळ अरुंद तोंडातून पिस्टनवर येतो. म्हणून आवाज मऊ. पण त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात. म्हणून थंडीत हीटर प्लग तापवावे लागतात आणि डिझेलही जास्त लागतं. डीआयमध्ये फवारा थेट पिस्टनच्या वाटीत. हीटर प्लगची गरज नाही, डिझेल दहा-पंधरा टक्के कमी लागतं, पण खडखड जास्त. आण्णांच्या सवयीची ती मऊ चाल जाणार, हे मी त्यांना आजच सांगितलं.

२४ नोव्हेंबर २०२४

बुधवारी विधानसभेचं मतदान, शनिवारी निकाल, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आठवडाभर कामं रेंगाळली. शेवटी आज इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायची प्लेट हातात आली.

मूळ अडचण अशी. प्यूजोच्या पाठीवरच्या बोल्टची भोकं आणि डीआयच्या पाठीवरची भोकं जुळत नाहीत. माझ्या गिअरबॉक्सला बसेल अशी डीआयची बेल हौसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लचवरचं घंटेसारखं कवच) सापडली असती तर प्रश्नच नव्हता. दोन आठवडे शोधली, मिळाली नाही. कुणाला मिळत असेल तर आधी तीच घ्या, प्लेटच्या वाटेला जाऊ नका. मी २० मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट करून घेतली. एका बाजूनं इंजिनला बसते, दुसऱ्या बाजूनं जुन्या बेल हौसिंगला.

जाडी मनानं ठरवायची नसते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फेरी घेणारा दांडा) जेवढा बाहेर आहे तेवढ्यात तीन गोष्टी बसायला हव्यात : टोक फ्लायव्हीलमधल्या (क्रँकच्या मागच्या जड चाकातल्या) बेअरिंगमध्ये पुरेसं आत, क्लच प्लेटचा हब पूर्ण स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातांवर), आणि टोक क्रँकच्या तळाला न टेकता. टेकलं तर क्लच दाबताना क्रँक पुढं ढकलला जातो आणि त्याला पुढंमागं सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग खलास. पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचं चित्र काढून हे तीनदा तपासलं.

१ डिसेंबर २०२४

आजची नोंद मोठी होणार, कारण या सगळ्या कामाचा जीव इथं आहे.

आमच्या गल्लीतले मिस्त्रीकाका आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, पीटर इंजिनांवर (शेतातल्या जुन्या डिझेल इंजिनांवर) हात बसलेला माणूस. प्लेट लावून, वर बेल हौसिंग चढवून, बोल्ट आवळून मी दाखवलं. दिसायला अगदी कारखान्यातून आल्यासारखं. काका बोटानं हौसिंगच्या मधल्या भोकाची कडा फिरवत म्हणाले, "इंजिन सोन्यासारखं हाय लेका. पर मध्य जुळला न्हाई तर दोन म्हयन्यांत बेरिंग खाईल. डायल लावलास का?"

लावला. फ्लायव्हीलवर चुंबकाचं स्टँड, डायलची काडी हौसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीवर. हे तेच भोक, ज्यात गिअरबॉक्सचा गळा बसतो. इंजेक्टर काढलेले असल्यानं क्रँक हातानं सहज फिरतो. वर बाराच्या जागी काटा शून्यावर आणला आणि हळूहळू फिरवलं. उजवीकडे तीनच्या जागी ०.२२ मिलिमीटर. खाली सहाच्या जागी ०.६२. डावीकडे नऊच्या जागी ०.४०. परत वर आलो, शून्य.

पहिली गोष्ट, वाचन खरं आहे का ते बघायचं. समोरासमोरच्या आकड्यांच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. वर-खाली ० अधिक ०.६२, डावी-उजवी ०.४० अधिक ०.२२. दोन्ही ०.६२. म्हणजे स्टँड हललेलं नाही, डायल खरं बोलतोय. दुसरी गोष्ट, डायल जेवढं दाखवतो त्याच्या निम्मी चूक असते, कारण काडी एका बाजूला जेवढी दबते तेवढीच समोर सुटते. खाली काडी दबली, म्हणजे तिथं भिंत क्रँकच्या मध्याजवळ आलीय, म्हणजे हौसिंग वर चढलंय. किती? ०.३१ मिलिमीटर. आणि आडवं ०.४० वजा ०.२२ च्या निम्मं, ०.०९, उजवीकडे.

०.३१ म्हणजे पोस्टकार्डाची जाडी. डोळ्याला दिसत नाही, बोल्टला अडत नाही, गाडी चालूही झाली असती. पण इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मध्यात आणि मागचं टोक गिअरबॉक्सच्या मध्यात धरलेलं असतं. दोन मध्य वेगळे असतील तर शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्या, दोन हजार वेळा वाकणं. आधी फ्लायव्हीलमधलं, शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग ओरडतं, मग क्लच प्लेटचा हब सुटतो, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आणि शेवटी उतारावर गिअर आपोआप निसटतो. "डीआय टाकलं आणि गिअरबॉक्स गेला" अशी जेवढी गाऱ्हाणी मी ऐकलीत, त्यातल्या बहुतेकांनी डायल लावलेला नव्हता.

चूक माझीच होती. डॉवेल पिनांच्या (दोन भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खिळांच्या) भोकांची खूण मी कागदावर ब्लॉकचा ठसा घेऊन केली होती. कागदाला तेल लागलं, तो ताणला गेला. लेथवाल्यानं मी दिलेल्या खुणेवर बरोबर भोकं पाडली.

दुरुस्ती अशी केली. जुन्या डॉवेल पिना काढून टाकल्या. हौसिंगचे बोल्ट सैल केले. त्यांची भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी असतात, तेवढी सरकायला जागा मिळते. मग तांब्याच्या हातोडीनं हौसिंगला वरून हलकी थाप, डायल बघायचा, पुन्हा थाप. काका डायलवर, मी हातोडीवर. "खाली... अजून जरा... डावीकडं... थांब!" बोल्ट आवळले की माप पुन्हा हलतं, म्हणून आवळून बघायचं, सैल करायचं, पुन्हा ठोकायचं. तीन तास गेले. शेवटचं वाचन पूर्ण फेरीत ०.०८. म्हणजे मध्याची चूक ०.०४. मी ०.१०च्या आत आणायचं ठरवलं होतं, त्याहून चांगलं झालं. मग प्लेट आणि हौसिंग एकत्र आवळलेली असतानाच दोन्हीतून आरपार रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून १२ मिलिमीटरच्या नव्या डॉवेल पिना ठोकल्या. आता कधीही उघडलं तरी ती दोन्ही त्याच जागी बसणार.

हौसिंगचा चेहराही डायलनं बघितला, क्रँक एकाच दिशेला दाबून धरून, नाहीतर त्याची पुढंमागं होणारी हालचाल मापात मिसळते. ०.०६. ठीक.

काका जाताना आण्णांना म्हणाले, "पोरगं काटा बघतंय. गाडी चालंल."

८ डिसेंबर २०२४

पायलट बेअरिंग. फ्लायव्हीलकडची जागा एका मापाची, शाफ्टचं टोक दुसऱ्या मापाचं. तयार बेअरिंग जुळत नाही, म्हणून गनमेटलचा बुश वळवून घेतला. शाफ्टचं टोक मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मापलं, बुशचं भोक त्यापेक्षा थोडं सैल ठेवलं. ठोकून बसवल्यावर बुश आत आवळतो आणि भोक बारीक होतं, हे धरून ठेवायचं. बसवल्यानंतर पुन्हा मापून हातानं रीमर फिरवला.

क्लचचा नियम सोपा : प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची, क्लच प्लेटचा मधला हब गिअरबॉक्सच्या स्प्लाइनचा. डीआयच्या प्लेटमधला हब काढून जुन्या प्लेटचा हब रिव्हेट करून घेतला. ज्यांच्याकडून केला ते दिवसभर हेच काम करतात, आणि तरी मी प्लेट शाफ्टवर सरकवून, फिरवून, डगमगते का ते बघूनच उचलली.

२२ डिसेंबर २०२४

इंजिन आत गेलं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमध्ये शिरताना शेवटचा एक इंच नेहमी अडतो. तिथं बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तो करायचा नाही, प्लेटचा हब वाकतो. टॉप गिअर टाकून मागचा शाफ्ट हातानं थोडा फिरवला, स्प्लाइन दात धरून बसली आणि अंतर आपोआप मिटलं.

फाउंडेशनचे ब्रॅकेट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) नवे केले. आधी इंजिन चेन ब्लॉकवरच लटकत ठेवलं, दोरीच्या रेषेत आणि गिअरबॉक्सच्या उतारात आणलं, ब्रॅकेट टाचून घेतले, रबर घालून इंजिनाचं वजन त्यावर सोडलं, पुन्हा मापलं आणि मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढलेली आणि अर्थची पकड ब्रॅकेटच्या अगदी शेजारी. लांबून अर्थ घेतला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना खड्डे पाडतो.

दोन अडचणी आल्या. प्लेटमुळे इंजिन २० मिलिमीटर पुढं आलं आणि पंखा रेडिएटरपासून जेमतेम ९ मिलिमीटरवर राहिला. खड्ड्यात इंजिन हललं की पाती रेडिएटरमध्ये. रेडिएटरचे कान कापून पुढं घेतले, आता २८ मिलिमीटर आहे. दुसरी अडचण उंचीची. डीआयचा स्ट्रोक प्यूजोपेक्षा १८.६ मिलिमीटर जास्त, त्यामुळे इंजिन उभं आणि उंच. बॉनेट लागतंय का हे कसं बघायचं? गणपतीच्या वेळची शाडूची माती शिल्लक होती. तिचे गोळे रॉकर कव्हरवर ठेवले, बॉनेट बंद केलं, उघडलं आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. सगळ्यात कमी १४ मिलिमीटर. पुरेसं आहे, पण एअर क्लीनर मात्र बाजूला फायरवॉलपाशी न्यावा लागला.

५ जानेवारी २०२५

डिझेलचा पंप आणि चारही इंजेक्टर कॅलिब्रेशनहून (तपासून, जुळवून) आले. डिझेलची टाकी उतरवून आतला गाळ काढला, पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा टाकला. ऑल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्युम पंपाला ऑईलची नळी जोडली. ब्रेकचा बूस्टर नसला तरी ही नळी विसरायची नाही, तो पंप ऑईलशिवाय जाम होतो.

दुपारी डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायला बसलो. आण्णांना म्हटलं, प्रायमर, म्हणजे डिझेल ढकलायचा हातपंप, तुम्ही दाबा. ते फिल्टरपाशी स्टूल टाकून बसले. फिल्टरचा स्क्रू सैल, आण्णा दाबतायत, फेस येतोय, फेस पातळ होतो, स्वच्छ धार येते, स्क्रू बंद. मग पंपाचा स्क्रू. तिथं फेस थांबेचना. अर्धा तास. आण्णांचा अंगठा लाल झाला तरी ते थांबायला तयार नव्हते.

शेवटी नळ्यांचे सांधे कोरड्या फडक्यानं पुसून कागद लावून बघितले. ओल कुठंच नाही. सक्शनच्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून कागदावर काही दिसणारच नव्हतं. मी जुने तांब्याचे वॉशर परत वापरले होते. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा बसत नाही. नवे वॉशर घ्यायला दुकान बंद. मग आईच्या शेगडीवर चिमट्यात धरून एकेक वॉशर लालभडक केला आणि पाण्यात टाकला. तांबं असं तापवलं की पुन्हा मऊ होतं. पॉलिश पेपरवर हलके घासून बसवले. आण्णांनी प्रायमर दाबला, दहा-बारा दाबांत स्वच्छ धार.

आधी बंद करायची तार ओढून धरून, म्हणजे डिझेल न देता, स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑईलचा काटा वर येईपर्यंत. मग तार सोडली. दुसऱ्या फिरवणीला पकडलं. पहिला धूर पांढरा, मग निळसर, मग काही नाही. आवाज खडखडीत, मोठा. आण्णांनी डोकं कलतं करून ऐकलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर वाटतंय." थोड्या वेळानं, "पर चारी शिलेंडर चालत्यात."

१२ जानेवारी २०२५

गुऱ्हाळाच्या वाटेवर पहिल्यांदा चालवली. क्लच मऊ, गिअर चारही बसतात, शाफ्टला थरथर नाही. पण पुतण्याला ठरावीक फेऱ्यांवर केबिनमध्ये गुंगाट जाणवला. शोधत गेलो तर सायलेन्सरची नळी चासीला एका जागी टेकत होती. वाकवून घेतली, गेला. पाठीमागून ऑईलचा थेंब येत होता, तो साइड कव्हरचा निघाला, मागच्या सीलचा नाही. हे कळल्यावर फार हलकं वाटलं, कारण सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पुढचे स्प्रिंगचे पाटे दीड इंच बसलेत. नवं इंजिन जड आहे. एक पाटा वाढवतोय.

वेगाचा हिशोबही केला. मागच्या ॲक्सलच्या क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८. टायरवर खडूची खूण करून अंगणात एक पूर्ण फेरी फिरवली, २.२५ मीटर. टॉप गिअरला २५०० फेऱ्यांवर गाडी ताशी साधारण ६३ किलोमीटर जाते. डीआय इंजिन कमी फेऱ्यांत ओढतं, त्याला याहून पुढं पळवायचं तर ओरडायला लागतं. ४७ आणि ११ दातांचा सेट बसवला तर त्याच फेऱ्यांवर ७९. मनात आहे, पण आत्ता नाही. आण्णा साठच्या वर गाडी नेत नाहीत आणि भरलेल्या गाडीनं चढ चढायला जुनाच रेशो बरा.

१७ जानेवारी २०२५

इंजिन बदलल्याची सूचना, बिल, जुन्या गाडीचे कागद, आधीच्या अर्जाची प्रत हे सगळं आरटीओत दिलं. इंजिन चालू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत.

३० जानेवारी २०२५

तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी ब्लॉकवरचा नंबर स्वतः पुसून वाचला, धुराची चाचणी बघितली, ब्रेक बघितले. प्लेटपाशी टॉर्च मारून विचारलं, "हे कुठं केलं?" मी सांगितलं. त्यांनी खाली वाकून आणखी एकदा बघितलं आणि सही केली.

९ फेब्रुवारी २०२५

पहिला माल. गुळाचे तीस किलोचे तीस रवे (ढेपा), ९०० किलो. आण्णा चालवत होते, मी शेजारी, एक हात गिअरच्या दांडीवर हलका ठेवून, आतून काही कळतंय का बघत. नदीच्या पुलानंतरच्या चढावर आधी दुसरा गिअर टाकावा लागायचा. आण्णांचा हात सवयीनं दांडीकडे गेला, तिथंच थांबला. गाडी तिसऱ्यावर चढली.

मार्केट यार्डातून परतताना टाकी पुन्हा काठोकाठ भरून हिशोब केला. लिटरला ११.८ किलोमीटर. जुनं ९.५ द्यायचं, पण ते झिजलेलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय डीआयला देता येणार नाही.

५०० किलोमीटर झाल्यावर करायचं : हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर (ठरलेल्या ताणावर आवळून), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ऑईल बदली, फाउंडेशनचे बोल्ट. आणि केबिनच्या खाली जाड वाकळेचा थर, खडखड कमी करायला. वाकळ आईनं आजच काढून ठेवलीय.